कात्री कुणाच्या हाती

सिगारेट बाहेरच विझवा आणि मग आत या. ईलिंग स्टुडिओच्या संकलनाच्या खोल्यांमध्ये हा नियम कोणी मोडत नाही. नायट्रेटची जुनी रिळं एका ठिणगीनं पेटतात आणि एकदा पेटली की पाण्यालाही जुमानत नाहीत. साल १९५१. पश्चिम लंडनचा हा भाग शांत आहे. महायुद्ध संपून सहा वर्षं झाली, तरी मटण आणि साखर अजून रेशनवरच मिळते. आत मूव्हिओला यंत्राचा खडखडाट चालू आहे, आणि फिल्म जोडायच्या सिमेंटचा गोडसर वास तुमच्या डोक्यात जातो. कापडी अस्तराच्या मोठ्या पेट्यांवर फिल्मचे तुकडे ओळीनं लटकवलेत. प्रत्येक तुकड्याच्या कडेला मेणाच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत.

यंत्राच्या छोट्या काचेवर जरा वाका. दोन माणसं आयफेल टॉवरच्या गोल जिन्यावरून खाली धावताहेत. ॲलेक गिनेस आणि स्टॅन्ले हॉलोवे. सोन्याचे छोटे आयफेल टॉवर चुकून इंग्लिश शाळकरी मुलींना विकले गेलेत, मुली लिफ्टनं खाली निघाल्यात आणि चोरांना त्यांच्याआधी जमिनीवर पोचायचंय. चित्रपट 'द लॅव्हेंडर हिल मॉब', दिग्दर्शक चार्ल्स क्रायटन. हा विनोदी पाठलाग आहे. पण पाहता पाहता जिना फिरायला लागतो, मागचं पॅरिस फिरायला लागतं, हसता हसता ती दोघं भेलकांडतात आणि तुमच्या पोटात खड्डा पडतो. पडद्यावर काहीच भयंकर घडलेलं नसतं, तरी तुम्ही टेबलाची कड घट्ट धरलेली असते.

ही घेरी कॅमेऱ्यानं टिपली खरी, पण ती किती वेळ सोसायची हे या टेबलावर ठरलंय. एका सेकंदाला चोवीस चौकटी म्हणजे दीड फूट फिल्म. चार चौकटी आधी कापलं तर प्रेक्षक नुसता हसतो, चार चौकटी जास्त ठेवल्या तर त्याला गरगरतं. हा हिशेब करणाऱ्या संकलकाचं नाव सेथ होल्ट. वय सत्तावीस-अठ्ठावीस. जन्म १९२३चा, पॅलेस्टाइनमधला. थोडा काळ नट होता, मग युद्धाच्या काळात फिल्म कापायला शिकला. ईलिंगचा दिग्दर्शक रॉबर्ट हेमर हा त्याचा मेहुणा. 'डेड ऑफ नाइट' या १९४५च्या भयपटातली आरशाची गोष्ट या हेमरचीच. नव्या नवऱ्याला आपल्या खोलीतल्या आरशात भलतीच खोली दिसते, ती गोष्ट.

या खोलीत थोडं रेंगाळा. होल्टचं पुढचं सगळं बरंवाईट इथूनच निघतं. १९५२ साली तो 'मँडी' कापतो. ही एका कर्णबधिर मुलीची गोष्ट. मोक्याच्या जागी पडद्यावरचा आवाजच काढून घेतात आणि आपण क्षणभर त्या मुलीच्या शांततेत जाऊन पडतो. प्रेक्षकाला काय द्यायचं यापेक्षा त्याच्याकडून काय काढून घ्यायचं, हे होल्ट इथे शिकतो. पुढे १९५५च्या 'द लेडीकिलर्स'साठी तो सहनिर्माता होतो. ईलिंगचे प्रमुख मायकेल बाल्कन आपल्याच घरातल्या माणसांना वर चढवतात. क्रायटन आधी संकलक होता, हेमरही संकलकच होता. होल्टची पाळी येणार हे सगळ्यांना माहीत आहे.

पण ती येईपर्यंत हे घरच राहत नाही. १९५५मध्ये ईलिंगची जागा बीबीसीला विकली जाते आणि उरलेली मंडळी बोरमवुडला एमजीएमच्या स्टुडिओत बिऱ्हाड हलवतात. होल्ट दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसतो तेव्हा ईलिंगचं नाव पुसलं जायला थोडेच दिवस उरलेले असतात.

*

आता १९५८च्या शेवटाकडे चला. तिकीट काढा. एका तिकिटात दोन चित्रपट मिळतात, मुख्य आणि जोडीचा. जोडीच्या चित्रपटाला लोक उशिरा येतात, पायांवरून पाय टाकत जागा शोधतात. तुम्ही मात्र वेळेवर बसा, कारण 'नोव्हेअर टू गो' अंधारात आणि जवळजवळ मुकाट्यानं सुरू होतो.

रात्र. तुरुंगाची भिंत. एक माणूस बाहेरून आतल्याला सोडवतोय. कोण, कशासाठी, कुणीच सांगत नाही. तुम्हाला फक्त हात दिसतात, दोर दिसतो, भिंतीची उंची दिसते आणि वेळ जाताना जाणवतो. संवादाची वाट पाहणारा प्रेक्षक हळूहळू वाट पाहणं सोडतो आणि श्वास धरून पाहायला लागतो. जॉर्ज नेडर हा सराईत ठग. सुटल्यावर त्याच्या लक्षात येतं की लंडनमध्ये जाण्यासारखं एकही दार उरलेलं नाही. पटकथा होल्ट आणि नाट्यसमीक्षक केनेथ टायनन यांनी मिळून लिहिलेली. पार्श्वसंगीत डिझी रीसच्या जॅझचं. आणि ठगाला थारा देणाऱ्या मुलीच्या भूमिकेत एक नवा चेहरा आहे, त्याच्याकडे नीट पाहून घ्या. मॅगी स्मिथ. मोठ्या पडद्यावरची तिची ही पहिली महत्त्वाची भूमिका.

तुम्ही जे पाहताय ते होल्टनं बांधलेलं सबंध काम नाही. जोडीचा खेळ वेळेत बसावा म्हणून वितरकांनी त्यातली कित्येक मिनिटं छाटलीत. ज्यानं उभं तारुण्य चौकटी मोजण्यात घालवलं, त्याच्या पहिल्याच चित्रपटावर परक्या हाताची कात्री चालली. हे लक्षात ठेवा.

पुढे दोन वर्षं त्याला चित्रपटाच्या दिग्दर्शनाचं काम मिळत नाही. तो पुन्हा टेबलावर जाऊन बसतो. पण बोलावणारा कोण आहे बघा. कारेल राइस. संकलनाच्या तंत्रावर १९५३ साली ज्यानं जाडजूड पुस्तक लिहिलं आणि जे जगभरच्या चित्रपटशाळांमध्ये वाचलं जातं, तोच राइस. त्याला 'सॅटरडे नाइट अँड संडे मॉर्निंग' हा पहिला कथापट करायचाय. नॉटिंगहॅमचा कारखाना, लेथवर काम करणारा अल्बर्ट फिनी. या चित्रपटाचं संकलन तो होल्टच्या हाती सोपवतो. ज्या कलेचं पुस्तक आपण लिहिलं ती कुणाच्या बोटांत आहे, हे राइसला ठाऊक होतं.

*

१९६१. बाहेर पाटी आहे: 'एक्स' प्रमाणपत्र, सोळा वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. हॅमर कंपनीचा चित्रपट म्हटल्यावर गर्दी ठरलेली. चार वर्षांत या कंपनीनं फ्रँकेन्स्टाइन आणि ड्रॅक्युला रंगीत करून दाखवले, लालभडक रक्त दाखवलं आणि तिजोरी भरली. तुम्ही त्याच अपेक्षेनं बसता. दिवे मालवतात, आणि पडदा उजळतो तो काळा-पांढरा. 'टेस्ट ऑफ फिअर'.

स्वित्झर्लंडचं तळं. पोलीस होडीतून पाण्यात शोध घेताहेत, एक प्रेत वर काढतात. कुणाचं, ते सांगायची घाई कुणालाच नाही. मग फ्रान्सचा किनारा. चाकांच्या खुर्चीत बसलेली पेनी, म्हणजे सुझन स्ट्रासबर्ग, कित्येक वर्षांनी वडिलांच्या बंगल्यावर आलीय. वडील परगावी गेलेत, असं सावत्र आई सांगते. ती गोड बोलते, फार गोड. शोफर मदतीला तत्पर आहे. आणि जेवणाच्या वेळी टपकणारा एक डॉक्टर आहे, ख्रिस्तोफर ली. ड्रॅक्युलाचे सुळे नाहीत, झगा नाही, फ्रेंच वळणाचं इंग्रजी बोलणारा साधा माणूस. नेमका त्यामुळेच तुम्ही त्याच्यावरची नजर काढत नाही.

रात्री पेनीला बागेतल्या खोलीत उजेड दिसतो. ती खुर्ची ढकलत निघते. तुमच्या शेजारचा माणूस सरसावून बसतो. दारातून मेणबत्तीचा उजेड हलतो, खुर्चीत वडील बसलेत, डोळे उघडे आहेत, आणि ते मेलेले आहेत. पेनी वळते, पण वळून पळायला तिच्याकडे पाय नाहीत, चाकं आहेत. हादरवणारा क्षण एकच असतो. त्यानंतरची, खुर्ची वळवून पळ काढण्याची लांबी खरी छळते. माणसं येतात, खोली उघडून बघतात. तिथे काहीच नसतं. आता तुम्ही अडकलात. आपण जे पाहिलं ते खरं मानलं तर घरातले सगळे खोटे ठरतात. त्यांना खरं मानलं तर आपलेच डोळे खोटे ठरतात. होल्टनं दोन्ही पर्याय तुमच्या मांडीवर ठेवलेत आणि तो निवांत आहे.

मग ते पोहण्याच्या तलावाचं दृश्य. शोफर रात्री पाण्यात उतरतो. वरचं जग कानाआड होतं. तो खोल जातो, गढूळ पाण्यातून उजेड पुसट होत जातो, शेवाळ हलतं. तुम्हाला वाटतं आता काहीतरी अंगावर येईल, म्हणून तुम्ही खांदे आक्रसता. अंगावर काहीच येत नाही. तळाशी एक माणूस शांत बसलाय. कपडे पाण्याबरोबर हलताहेत, केस हलताहेत, बाकी काही हलत नाही. दुसऱ्या एखाद्या चित्रपटात इथे झटकन कापून किंकाळी ऐकवली असती. इथे तुम्हाला ते पाहत बसावं लागतं, पाण्याखाली श्वास रोखलेल्या त्या शोफरइतका वेळ. थिएटरात कुणीतरी इतक्या मोठ्यानं श्वास सोडतं की ते चार ओळी मागे ऐकू येतं.

पटकथा जिमी सँगस्टरची, छायालेखन डग्लस स्लोकोम्बचं. स्लोकोम्बही ईलिंगचाच, वीस वर्षांनी तो 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' चित्रित करणार आहे. गोष्ट 'साइको' आणि फ्रेंच 'ले दियाबोलिक' यांच्या पावलावर पाऊल ठेवून चालते, हे खरं. पण सँगस्टरनं याच धाटणीच्या आणखी पटकथा हॅमरला लिहून दिल्या, दुसऱ्या दिग्दर्शकांनी त्या केल्या, आणि त्यातला एकही चित्रपट तळाशी बसलेल्या त्या माणसाजवळ पोचला नाही. कंपनीच्या कित्येक चित्रपटांत ज्यांचा चेहरा झळकला त्या ख्रिस्तोफर लीनी पुढे सांगून ठेवलं की हॅमरसाठी आपण केलेल्या कामांत हा चित्रपट सर्वांत चांगला.

बाहेर आल्यावर लोक कुणाबद्दल बोलताहेत ते ऐका. शेवटच्या उलगड्याबद्दल बोलताहेत, सुझनच्या किंकाळीबद्दल बोलताहेत. दिग्दर्शकाचं नाव कुणाच्याच तोंडी नाही. हॅमरचा चित्रपट हॅमरचाच असतो, तो कुणी केला हे विचारायची पद्धत अजून पडलेली नाही.

*

१९६३च्या 'स्टेशन सिक्स सहारा'ला फार थांबायचं नाही. वाळवंटात तेलाच्या नळावरचं एक पंपिंग केंद्र, तिथे अडकलेले पाच पुरुष, आणि अपघात झालेल्या गाडीतून अचानक येऊन पडलेली कॅरोल बेकर. गोष्ट कुठे जाणार ते तुम्हाला कळतं आणि ती तिथेच जाते. पण एक प्रसंग पाहूनच निघा. डेनहोम एलियटला घरून भरपूर पत्रं येतात. इयन बॅननला एकही येत नाही. बॅनन भरभक्कम पैसे मोजून एलियटचं एक न फोडलेलं पत्र विकत घेतो. सौदा होतो. आणि मग एलियटची झोप उडते. त्या पत्रात काय होतं? विकत घेणारा सांगत नाही. तुम्हालाही सांगत नाही. कागदाच्या एका पाकिटातून होल्ट माणूस पोखरून काढतो. यात भूत नाही, सुरा नाही, तरी भयपटाची सगळी यंत्रणा चालू आहे.

*

१९६५. एल्स्ट्रीच्या स्टुडिओत लंडनमधल्या सुखवस्तू घराचा सेट लागलाय: अरुंद मार्गिका, गुळगुळीत दारं, न्हाणीघर. कडक पांढऱ्या कॉलरच्या गणवेशात एक बाई येते. जाड भुवया, खाली पडलेले खांदे. ओळखायला थोडा वेळ लागतो. बेटी डेव्हिस. दोन ऑस्करं घरात असलेली ही नटी गेली तीन वर्षं मोठमोठ्या किंकाळ्यांच्या भूमिका गाजवतेय. इथे तिचा आवाज एकदाही चढत नाही. 'द नॅनी'.

जोई नावाचा दहा वर्षांचा मुलगा दोन वर्षांनी घरी परतलाय. धाकटी बहीण न्हाणीघरातल्या टबात बुडून गेली, ठपका त्याच्यावर आला. तो नॅनीनं केलेलं अन्न तोंडात घालत नाही. अंघोळीला ती जवळ आलेली त्याला चालत नाही. तुम्हाला तो चिडका, दुष्ट पोरगा वाटतो, आणि वाटावा अशीच सगळी मांडणी आहे. नॅनी किती सोसते, किती प्रेमानं बोलते! तुम्ही तिची बाजू घेता. अर्धा चित्रपट होईपर्यंत तुम्ही कुणाच्या बाजूनं उभे आहात याची तुम्हाला लाज वाटायला लागते.

एक प्रसंग अगदी जवळून बघा. मुलाची मावशी पेन, जिल बेनेट, हृदयविकाराची रोगी. रात्री तिला दाराबाहेर चाहूल लागते. नॅनी उशी घेऊन मुलाच्या खोलीकडे निघालेली तिला दिसते. पेनला कळायचं ते कळतं, आणि त्या धक्क्यानं झटका येतो. औषध हाताच्या अंतरावर आहे, पण नॅनी ते तिच्या हाती लागू देत नाही. ती पेनला धक्काबुक्की करत नाही, धमकावत नाही. ती बोलत बसते. स्वतःच्या मुलीबद्दल सांगते, जिला तिनं दुसऱ्यांची मुलं वाढवण्याच्या नादात कधी वाढवलंच नाही आणि जी चोरून केलेल्या गर्भपातात गेली. त्या बातमीच्या तडाख्यात ती घरी परतली, रोजच्या सवयीनं न्हाणीघरात गेली, पडद्याआडच्या टबात काय आहे ते न बघता नळ सोडला. पडदा ओढला आहे तोवर तुम्हाला माहीत आहे, तिला माहीत नाही. होल्ट पडदा लवकर सारत नाही. मरणारी बाई ऐकतेय, मारणारी बाई सांगतेय, आणि तुम्हाला दोघींचीही दया येते. भयपटात ही दया दुर्मिळ आहे. तिच्यासाठी मला हा चित्रपट होल्टचा सर्वांत मोठा वाटतो. राक्षस बाहेरून येत नाही, तो वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या घरात राबून, स्वतःचं घर गमावून तयार होतो, असं सांगणारा हा चित्रपट इंग्लंडच्या वर्गव्यवस्थेबद्दल पुष्कळ गंभीर चित्रपटांपेक्षा स्पष्ट बोलतो.

हॅमरचा हा शेवटचा कृष्णधवल चित्रपट. होल्ट बेचाळीस वर्षांचा आहे. इथून पुढे वाट चढणीची असायला हवी.

*

ती उताराची निघते. ही वर्षं भराभर पार करा, कारण त्यांत पाहण्यासारखं फारसं उभंच राहिलं नाही.

१९६५मध्येच इटलीचे निर्माते दिनो दे लॉरेंतिस होल्टला 'दियाबोलिक' या चित्रकथेवरचा चित्रपट देतात. थोडं चित्रीकरण होतं, निर्मात्याला ते आवडत नाही, काम बंद. पुढे तोच विषय मारिओ बावा नव्यानं करतो आणि तो नावाजला जातो. १९६७मध्ये 'मस्यू लकॉक' हा झीरो मोस्टेलचा चित्रपट अर्ध्यावर सोडून द्यावा लागतो. त्याच वर्षी 'डेंजर रूट' पुरा होतो. बॉन्डच्या लाटेत केलेला, रिचर्ड जॉन्सनचा हेरपट. यासाठी कुणा वितरकाला दोष देता येत नाही. कामात जीव नाही, मांडणीला धार नाही, आणि तुम्हाला मध्येच उठावंसं वाटलं तर उठा. होल्ट दारू फार पितो, तब्येत साथ देत नाही. मेहुणा हेमर १९६३ साली बावन्नाव्या वर्षी याच वाटेनं गेला, तेही होल्टनं पाहिलंय.

पण याच वर्षांतली एक गोष्ट तुम्ही पाहिलीच पाहिजे. डेव्हिड शेरविन आणि जॉन हाउलेट हे दोन तरुण आपल्या निवासी शाळेच्या आठवणींवर लिहिलेली एक पटकथा घेऊन दारोदार फिरताहेत. नाव 'क्रुसेडर्स'. तिच्यात काहीतरी आहे हे होल्टला दिसतं. आपण असल्या शाळेत वाढलो नाही, हे कुणीतरी आतल्या माणसानं करावं, असं त्याला वाटतं आणि तो पटकथा लिंडसे अँडरसनपर्यंत पोचवतो. तिचाच पुढे 'इफ' होतो, आणि १९६९मध्ये कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळवतो. हाताशी काम नसताना आलेली चांगली पटकथा योग्य माणसाकडे सोपवायला कलेवर निखळ प्रेम लागतं. होल्टच्या कारकिर्दीचा जमाखर्च मांडताना ही जमेची बाजू कुणी धरत नाही. तुम्ही धरा.

*

जानेवारी १९७१, पुन्हा एल्स्ट्री. गारठा आहे. २० तारखेपासून टपाल कामगारांचा संप आहे, देशात पत्रं हलत नाहीत. दुकानांच्या काचांवर नव्या नाण्यांची कोष्टकं लागलीत, कारण १५ फेब्रुवारीपासून शिलिंग-पेनीचा जुना हिशेब जाऊन दशमान पद्धत येणार आहे. हॅमरच्या कारभारातही खांदेपालट झालाय: संस्थापक घराण्यातला मायकेल कॅरेरास आता व्यवस्थापकीय संचालक आहे.

सेटवर इजिप्तचं थडगं उभं आहे. चित्रपट 'ब्लड फ्रॉम द ममीज टूम', मूळ कादंबरी ब्रॅम स्टोकरची, १९०३ची. ख्रिस्तोफर विकिंगच्या पटकथेत चिंध्या गुंडाळून पाय फरफटत चालणारी ममीच नाही. टेरा नावाची राणी हजारो वर्षं जशीच्या तशी पडून आहे, एक हात मनगटापासून तोडलेला, आणि त्या मनगटातून अजूनही ताजं रक्त येतं. लंडनमधली मार्गारेट हुबेहूब तिच्यासारखी. दोन्ही भूमिका व्हॅलेरी लिऑनच्या. मार्गारेटच्या वडिलांचं काम पीटर कुशिंग करताहेत.

कुशिंग एकच दिवस काम करतात. पत्नी हेलनची प्रकृती बिघडल्याचं कळतं, ते निघून जातात, आणि १४ जानेवारीला ती जाते. सेटवरच्या माणसांना कुशिंग किती प्रिय आहेत आणि कुशिंगना हेलन किती प्रिय होती, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. अँड्र्यू कीर ती भूमिका उचलतो. काम थांबवून चालत नाही, सहा आठवड्यांचं वेळापत्रक आहे.

विकिंगचं निर्माते हॉवर्ड ब्रँडींशी वाजलंय. लेखकाला सेटवर यायची बंदी. म्हणून दिवसाचं काम संपलं की होल्ट आणि विकिंग रात्री भेटतात आणि दुसऱ्या दिवशीची पानं पुन्हा लिहितात. तुम्हीही त्या खोलीत एका कडेला बसा. दिवसभर उभं राहून थकलेला सत्तेचाळीस वर्षांचा माणूस एका स्वस्तातल्या भयपटाच्या पानांवर वाकलाय. त्याच्या नावावर वर्षानुवर्षं नीट चित्रपट झालेला नाही, पैसा कमी आहे, लेखक बंदीत आहे, आणि तरी तो उद्याचं दृश्य आणखी बरं करू पाहतोय. वाया गेलेला माणूस असा वागत नाही.

पाच आठवडे होतात. एक आठवडा उरतो. आणि फेब्रुवारीच्या मध्यावर होल्टचं हृदय बंद पडतं.

राहिलेलं चित्रीकरण स्वतः कॅरेरास पुरं करतो. पण चित्रित झालेले तुकडे एकमेकांना लावायला बसल्यावर खरी अडचण कळते. संकलक म्हणून वाढलेल्या होल्टची चित्रपट जोडायची योजना बरीचशी डोक्यात होती. कुठून कापायचं, कुठे थांबायचं, कुठलं दृश्य कुठल्या दृश्याला उत्तर देणार आहे, हे तो कागदावर मांडून ठेवणाऱ्यातला नव्हता. पहिल्या चित्रपटावर परकी कात्री चालली तेव्हा तो निदान बघत होता. शेवटच्या चित्रपटाच्या वेळी सांगायला तोही उरला नाही.

*

ऑक्टोबर १९७१. एक तिकीट, दोन चित्रपट. मुख्य खेळ 'डॉक्टर जेकिल अँड सिस्टर हाइड', आणि होल्टचा चित्रपट जोडीला. तेरा वर्षांपूर्वी जिथे बसला होता तिथेच तो पुन्हा बसलाय. 'एक्स' प्रमाणपत्राचं वय मधल्या काळात अठरा झालंय, तिकिटाचा भाव नव्या पेनींत आहे.

डोळस होऊन बघा. चित्रपट मध्ये ढिला पडतो, काही मृत्यू घाईनं उरकल्यासारखे दिसतात, दोन प्रसंगांमधले सांधे उघडे राहिलेत. हे दोष आहेत आणि ते झाकायचं कारण नाही. पण मग थडगं उघडल्यावर टेराच्या चेहऱ्यावर रेंगाळणारा कॅमेरा बघा, तोडलेल्या मनगटावर उमटणारं रक्त बघा. आणि शेवट बघा: इस्पितळातल्या पलंगावर एक बाई, नखशिखांत बँडेजमध्ये गुंडाळलेली, फक्त डोळे उघडे. सबंध चित्रपटात न दिसलेली ममी अखेर तयार झालीय आणि ती लंडनमध्ये आहे. ते डोळे मार्गारेटचे की टेराचे, हे सांगायच्या आत चित्रपट संपतो. प्रेक्षकाकडून काय काढून घ्यायचं हे 'मँडी'च्या टेबलावर शिकलेल्या माणसाच्या चित्रपटाला साजेसाच हा शेवट आहे.

सेथ होल्टची कारकीर्द ओबडधोबड आहे, हे सगळे म्हणतात आणि ते बरोबरही आहे. तेरा वर्षांत पुरे झालेले, किंवा दुसऱ्यानं पुरे केलेले, सहा चित्रपट. त्यांतले दोन उत्तम, तीनांत उत्तम तुकडे, एक निव्वळ वाया. पण या चढउतारांची रेघ त्याच्या प्रतिभेच्या चढउतारांशी जुळवू नका. स्टुडिओ कुठला होता, वेळ कुणाच्या हातात होता, शेवटचा शब्द कुणाचा होता, तब्येत कशी होती, त्यांच्याशी ती जुळवा. मग ती लगेच जुळते. आपण दिग्दर्शकांना चित्रपटांच्या संख्येनं आणि यशाच्या सलगतेनं मोजतो, म्हणून हिचकॉक आठवतो आणि होल्ट निसटतो. हॅमरच्या चाहत्यांनाही टेरेन्स फिशरचं नाव पाठ असतं, होल्टचं नसतं, कारण फिशरनं कंपनीला एक चेहरा दिला आणि होल्टनं दोन असे चित्रपट दिले जे कंपनीच्या चेहऱ्यात बसतच नाहीत.

तुमच्या काळात परत आलात की हे चित्रपट क्रमानं बघू नका. आधी 'टेस्ट ऑफ फिअर' बघा, रात्री, एका बैठकीत. मग 'द नॅनी', आणि तोही कुणाबरोबर तरी बघा, कारण त्यावर बोलावंसं वाटेल. त्यानंतर 'नोव्हेअर टू गो'चं मूळ लांबीचं रूप मिळालं तर तेच घ्या. शेवटी ममीचा चित्रपट, त्याच्या उघड्या सांध्यांसह. प्रत्येक वेळी दृश्य बदलतं त्या क्षणावर लक्ष ठेवा आणि मनात विचारा की हे आधी का बदललं नाही. होल्टच्या चांगल्या कामात या प्रश्नाला दर वेळी उत्तर आहे.